तंतकाराचा मुलगा

आमच्या घरी वडिलांची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची बांधणी, हाताच्या तेलाने काळवंडलेल्या कडा आणि आत बारीक, मोडी वळणाचे बाळबोध अक्षर. बंदिशी, गती, तोडे, कोणत्या खुंटीला कोणत्या नंबरची तार, जवारी बंद झाल्यास ती कशी उघडावी, भोपळ्याला चीर गेल्यास काय करावे, असे सारे तीत टिपलेले आहे. वडील १९४८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बडोद्याच्या दरबारी वादकांत सतारिये म्हणून लागले आणि पुढच्याच वर्षी संस्थान विलीन झाले. चाकरी सुटली, परंतु दरबारची रीत त्यांच्या अंगातून अखेरपर्यंत सुटली नाही. माझ्या जन्माच्या वेळी ते पन्नाशीला टेकले होते. त्यांच्यामागे इस्टेट म्हणून मला मिळाली ती ही वही आणि एक सतार. त्या दोहोंच्या आधाराने मी गेली वीस वर्षे संगीत शिकवीत आहे.

वहीच्या आरंभीच स्वर आणि तार यांविषयी काही ओळी आहेत. तार अर्ध्या लांबीवर दाबून छेडली म्हणजे वरचा षड्ज, दोनतृतीयांशावर पंचम, असे तीत लिहिले आहे आणि ते बरोबर आहे. त्याच्या खालीच असे आहे, की लांबी तीच ठेवून तारेवरची ओढ दुप्पट केली तरीही वरचा षड्जच मिळतो. वडिलांच्या हातची ही ओळ मी दरवर्षी नव्या वर्गाला मोठ्या विश्वासाने सांगत आलो.

गेल्या पावसाळ्यात वर्गातली एक मुलगी घरून एक फळी घेऊन आली. फळीवर दोन घोड्या बसवलेल्या, त्यांवरून एक पोलादी तार. तारेचे एक टोक खिळ्याला गुंडाळलेले आणि दुसरे फळीच्या कडेवरून खाली सोडून त्याला आकडा लावलेला. पिशवीत वाण्याकडची वजने. तिने आधी एक किलोचे वजन टांगले, तार छेडली आणि तो स्वर षड्ज मानून तंबोरा त्यावर लावून घेतला. मग दोन किलो टांगले. साऱ्या वर्गाने ऐकले. तो वरचा षड्ज नव्हता, पंचमदेखील नव्हता. जवळजवळ तीव्र मध्यम होता. वजने वाढवीत वाढवीत चार किलो भरली तेव्हा कोठे वरचा षड्ज बोलला. अपराध केल्यासारखी मान खाली घालून ती मुलगी उभी राहिली. माझे कान तापले होते. तार वाईट असेल, घोडी सरकली असेल, असे काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी, हाच पहिला विचार माझ्या मनात आला, हे कबूल केले पाहिजे. मी वर्ग लवकर सोडला.

ती चूक कोठून आली याचा शोध घेताना मला एक मनुष्य भेटला. त्यानेही चारशे वर्षांपूर्वी अशीच वजने तारांना टांगली होती. तोही तंतकार होता, सरदार-दरकदारांच्या आश्रयावर जगणारा होता, आणि त्यालाही एक मुलगा होता. तो मुलगा म्हणजे गॅलिलिओ. गॅलिलिओचे चरित्र आपण बहुधा दुर्बिणीच्या आणि धर्मसभेने चालविलेल्या खटल्याच्या अनुषंगाने ऐकतो. मला ते तारेपासून सुरू होऊन पडणाऱ्या दगडापाशी पोहोचलेले दिसते. आणि वजनाचा पदार्थ खाली कसा पडतो ह्या साध्या प्रश्नावर माणसाचे किती अवलंबून आहे, हेही मला तेथेच उमगले.

गॅलिलिओ गॅलिली याचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील व्हिन्चेन्झो हे ल्यूटवादक. ल्यूट म्हणजे आपल्या सतारीची दूरची आप्त म्हणावी: पोट फुगीर, दांडी आखूड, आणि पडदे आतड्याच्या तातीचे, दांडीभोवती गाठ मारून बांधलेले. सतारीचे पडदे जसे कानाच्या हुकमाने वरखाली सरकवता येतात, तसेच हेही येतात. व्हिन्चेन्झो हे नुसते वादक नव्हते. व्हेनिसला जाऊन झार्लिनो ह्या त्या काळच्या सर्वमान्य संगीतशास्त्र्यापाशी ते शिकले होते. फ्लॉरेन्समध्ये काउंट बार्दी नावाच्या रसिक सरदाराच्या घरी कवी, गायक आणि पंडित यांची बैठक भरे, तीत त्यांना मान होता. पुढे ज्याला ऑपेरा म्हणू लागले, त्या गायननाट्याचे बीज त्याच बैठकीत पडले. १५८१ साली त्यांनी प्राचीन आणि अर्वाचीन संगीतावर संवादरूपाने एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात प्रत्यक्ष गुरूच्या मतांचे खंडन केले. घरात मात्र पैशाची नेहमीच चणचण असे, आणि संगीताच्या जोडीला त्यांना लोकरीच्या व्यापारातही हात घालावा लागे.

युरोपात त्या काळी एक कथा फार प्रचलित होती. ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरस एका लोहाराच्या दारावरून जात असता त्याला हातोड्यांचे सुस्वर आवाज ऐकू आले; त्याने हातोडे तोलून पाहिले तर एकाचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट, आणि त्या दोहोंत षड्ज व वरचा षड्ज यांचे नाते. मग त्याच प्रमाणात त्याने तारांना वजने टांगली आणि तेच स्वर मिळविले. ही कथा शतकामागून शतक पोथीतून पोथीत उतरत गेली. थोर थोर पंडितांनी ती लिहिली आणि शिकविली. माझ्या वडिलांच्या वहीतली ओळ कोणत्या घराण्यातली आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

व्हिन्चेन्झोंनी वजने खरोखरच टांगली. त्यांना असे आढळले, की वरचा षड्ज हवा असेल तर ओझे दुप्पट नव्हे, चौपट लागते. आणि पंचमासाठी दीडपट नव्हे, सव्वादोनपट, म्हणजे चारास नऊ. स्वर ज्या पटीने चढवावयाचा, त्या पटीच्या वर्गाइतकी ओढ वाढवावी लागते. दुप्पट ओझ्याने स्वर सुमारे १.४१ पटच चढतो, आणि तेथे आपला तीव्र मध्यम बसतो. १५८९ च्या एका पुस्तकात त्यांनी हे छापून टाकले. पोथीतले प्रमाण कानाने आणि तराजूने तपासून खोटे ठरविण्याचे इतके जुने उदाहरण संगीताच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

थोरल्या मुलाने ह्या धंद्यात पडू नये, वैद्य व्हावे, चार पैसे मिळवावेत, असे ह्या बापाला वाटे. कलावंताच्या घरातले हे दुखणे आमच्या वाचकांना नवे नाही. १५८१ साली गॅलिलिओला वैद्यकी शिकण्यासाठी पिसाच्या विद्यापीठात घातले. तेथे त्याचे मन लागेना. ओस्तिलिओ रिच्ची नावाचा दरबारी गणिती दरबारातील मुलांना भूमिती शिकवीत असे. गॅलिलिओ त्याच्या नादी लागला आणि १५८५ साली पदवी न घेताच घरी परतला. पुढची चार वर्षे शिकवण्या करण्यात गेली. वडील तारांना वजने टांगीत होते ते याच सुमारास, आणि मुलगा त्या कामात मदतीला असावा, असा संगीताच्या अभ्यासकांचा तर्क आहे. तो स्वतः ल्यूट उत्तम वाजवी, हे तर त्याचा शिष्य विव्हिआनी याने लिहूनच ठेवले आहे.

पिसाच्या देवळातील झुंबर हलताना पाहून गॅलिलिओने आपल्या नाडीवर त्याचे झोके मोजले, ही गोष्ट आपण शाळेत वाचतो. आज तेथे दाखविले जाणारे झुंबर १५८७ साली टांगलेले आहे आणि गोष्ट त्याच्या आधीची आहे, तेव्हा निदान त्या झुंबराचा तरी तीत हात नसावा. परंतु लंबकाचा त्याने कसून अभ्यास केला, हे १६०२ च्या त्याच्या एका पत्रावरून नक्की ठरते. दोरी चौपट लांब केली तर झोक्याला दुप्पट वेळ लागतो, हेही त्यानेच दाखविले. वडिलांच्या तारेतला चार आणि दोन यांचा संबंध मुलाच्या दोरीतही पुन्हा यावा, याची मला राहून राहून मौज वाटते.

१५८९ साली तो पिसालाच गणिताचा अध्यापक झाला. पगार वर्षाला ६० स्कुदी, म्हणजे अगदीच तुटपुंजा. विद्यापीठात ॲरिस्टॉटलचा शब्द प्रमाण मानला जाई. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा तिच्या वजनाच्या प्रमाणात अधिक वेगाने पडते, असे त्या महापंडिताने सांगितले होते आणि दोन हजार वर्षे ते शिकविले जात होते. गॅलिलिओने कलत्या मनोऱ्यावर चढून दोन गोळे सोडले आणि पंडितांची तोंडे बंद केली, असे सांगतात. ती हकीकत विव्हिआनीने बऱ्याच वर्षांनंतर लिहिलेली आहे. त्या काळचा दुसरा पुरावा नाही. मनोऱ्याहून मला त्याचा पुढे ग्रंथात आलेला युक्तिवाद अधिक आवडतो. एक मोठा दगड आणि एक लहान दगड घ्या. मोठा जलद पडतो आणि लहान सावकाश, असे क्षणभर मानू. आता दोन्ही एकत्र बांधा. सावकाश पडणारा लहान दगड मोठ्याला मागे ओढील, म्हणजे जोडी एकट्या मोठ्यापेक्षा सावकाश पडेल. परंतु जोडीचे वजन तर एकट्या मोठ्यापेक्षा अधिक, म्हणजे ती अधिक जलद पडली पाहिजे. एकाच गृहीतातून दोन उलट उत्तरे निघतात, तेव्हा गृहीतच चुकलेले आहे. हवेचा अडथळा सोडला तर सर्व वस्तू सारख्याच पडतात, असेच मानणे भाग पडते.

१५९१ साली वडील वारले. बहिणींचे हुंडे आणि धाकट्या भावाचा सांभाळ, सारे थोरल्यावर आले. धाकटा मिकेलान्योलो हा वडिलांच्या वळणावर गेला. ल्यूट वाजवीत पोलंडला आणि मग म्युनिकच्या दरबारी चाकरीला लागला. परंतु बहिणीच्या हुंड्यातला आपला वाटा त्याने कधी धड भरला नाही, उलट प्रवासखर्चासाठी भावाकडेच हात पसरला. पैशाच्या ह्या ओढाताणीत गॅलिलिओने १५९२ पासून पादुआच्या विद्यापीठात अठरा वर्षे काढली. मिळकत बरी व्हावी म्हणून घरी विद्यार्थी ठेवले आणि गणिती उपकरणे बनवून विकली. आणि याच वर्षांत, १६०४ च्या सुमारास, पडण्याचा नियम त्याच्या हाती लागला.

अडचण अशी होती, की पडणारा दगड डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जमिनीला लागतो, आणि सेकंद अचूक दाखविणारे घड्याळ त्याच्यापाशी नव्हते. गॅलिलिओने युक्ती केली. सरळ खाली पाडण्याऐवजी त्याने गोळा लाकडी फळीच्या उतारावरून घरंगळत सोडला. उतार पडण्याला विलंबित लयीत आणतो, नियम मात्र तोच राहतो. छापील ग्रंथात त्याने दिलेले वर्णन असे: फळी सुमारे सात मीटर लांब, मधोमध गुळगुळीत खाच, खाचेत चर्मपत्र चिकटवलेले, आणि वरून सोडलेला काशाचा गोळा. वेळ मोजण्यासाठी मोठ्या भांड्याच्या बुडाच्या बारीक नळीतून पडणारे पाणी गोळा करावयाचे आणि ते नाजूक तराजूत तोलावयाचे. इतक्या गावठी साधनांनी इतके नेमके उत्तर मिळणे शक्य नाही, असे विसाव्या शतकातील काही विद्वानांनी म्हटले. १९६१ साली टॉमस सेटल ह्या अभ्यासकाने तशीच फळी आणि तसेच पाणी घेऊन प्रयोग करून पाहिला. उत्तर बरोबर आले.

परंतु खरी गंमत पुढेच आहे. फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात गॅलिलिओच्या हातची टिपणे जपून ठेवली आहेत. त्यांतील एका पानावर आकड्यांचा एक स्तंभ आहे: ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. ही गोळ्याने आठ सारख्या कालखंडांअखेर तोडलेली एकूण अंतरे आहेत. त्यांच्या शेजारी त्याने १, ४, ९, १६ असे चौसष्टापर्यंतचे वर्ग लिहिले आहेत. वाचकांनी ३३ ला चाराने, नवाने, सोळाने गुणून पाहावे: १३२, २९७, ५२८. आणि चौसष्टाने गुणले तर २११२. मोजलेले आकडे त्याला इतके लागून आहेत, की मोजणाराचा कान कसा असेल याचे नवल वाटावे.

मी कान म्हणालो ते जाणूनबुजून. हे सारखे कालखंड त्याने मोजले कसे, ह्या प्रश्नाला कॅनडातील संशोधक स्टिलमन ड्रेक यांनी १९७० नंतरच्या दशकात एक उत्तर सुचविले. त्यांचे म्हणणे असे, की गॅलिलिओने फळीवर ल्यूटच्या पडद्यांसारख्या ताती आडव्या बांधल्या असाव्यात. गोळा प्रत्येक तातीवरून जाताना टक असा बारीक आवाज होतो. तोंडाने सम लयीत काही गात राहावे आणि प्रत्येक टक नेमका मात्रेवर पडेपर्यंत ताती वरखाली सरकवाव्यात. मग तातींमधील अंतरे सावकाश फूटपट्टीने मोजावीत. ड्रेक यांनी स्वतः असे करून पाहिले आणि ते जमले. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. परंतु ज्याने तबल्याची साथ केली आहे, त्याला तो पटावयास वेळ लागणार नाही. मात्रेच्या मागे केसभर राहिलेली थाप मनगटाच्या आधी कानाला कळते. आणि पडदा सरकवून जागेवर आणणे हे तर सतारियाच्या घरचे रोजचे काम. माझ्या डोळ्यांसमोर वडील येतात: दिवेलागणीची वेळ, मांडीवर सतार, आणि एकच पडदा नखाने किंचित वर, किंचित खाली सरकवणे चाललेले.

नियम मिळाला तो असा: वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट, तिप्पट झाली की नऊपट. एकेका मात्रेत गोळा जी वाट तोडतो ती १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांनी वाढत जाते. दगड का पडतो, ह्या प्रश्नावर शतकानुशतके वाद चालले होते. गॅलिलिओने तो बाजूला ठेवून तो कसा पडतो एवढेच विचारले, आणि उत्तर संख्येत मिळविले.

यानंतरचा कथाभाग सर्वांना परिचित आहे. १६०९ साली त्याने दुर्बीण तयार करून आकाशाकडे वळविली. १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले. त्यांना फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचे नाव देऊन तेथील दरबाराचा गणिती व तत्त्वज्ञ झाला. दरबार मान देतो आणि प्रसंग आला म्हणजे हात आखडता घेतो, हे कलावंतांच्या मुलांना सांगावयास नको. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत धरू नये, अशी समज त्याला १६१६ साली देण्यात आली होती. १६३२ साली त्याने तो संवादग्रंथ प्रसिद्ध केला, आणि रोमच्या धर्मसभेने ६९ वर्षांच्या ह्या म्हाताऱ्याला बोलावून घेतले. २२ जून १६३३ रोजी त्याला गुडघे टेकून आपले मत सोडल्याचे वाचून दाखवावे लागले. ड्यूक त्याला वाचवू शकला नाही. उरलेले आयुष्य फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावी, स्वतःच्याच घरात नजरकैदेत गेले. तेथे जवळच्याच मठात त्याची लाडकी मुलगी मारिया चेलेस्ते जोगीण होऊन राहिली होती. बाप परत आल्यावर काही महिन्यांतच, २ एप्रिल १६३४ रोजी, ती ३३ व्या वर्षी वारली.

अशा अवस्थेत, आकाशाविषयी बोलावयास बंदी असलेला हा मनुष्य तीस वर्षांपूर्वीच्या फळीकडे आणि गोळ्याकडे परतला. पडण्याचे, लंबकाचे, लाकडाच्या आणि दगडाच्या बळाचे सारे संशोधन त्याने एका ग्रंथात गोवले. इटलीत छापण्याची सोय नव्हती. हस्तलिखित हॉलंडला गेले आणि १६३८ साली लायडन येथे प्रसिद्ध झाले. तोपर्यंत त्याचे डोळे गेले होते. त्या ग्रंथातील पहिल्या दिवसाच्या संवादाचा शेवट कशाने होतो, तर तारांनी. स्वराची उंची तारेच्या दर क्षणाला होणाऱ्या कंपनांवर ठरते, हे तेथे सांगितले आहे, आणि ओझ्याच्या वर्गाचा वडिलांनी काढलेला नियमही तेथे आहे. वडिलांचे नाव मात्र नाही. का ते कोण जाणे. परंतु मला ते वाचून चुटपुट लागली.

अखेरच्या वर्षांत विव्हिआनी आणि तोरिचेल्ली हे तरुण त्याच्यापाशी होते. १६४१ साली त्याला लंबकावर चालणाऱ्या घड्याळाची कल्पना सुचली. दिसत नसल्याने ती त्याने मुलाला तोंडी सांगितली आणि मुलाने रेखाटली. त्या मुलाचे नाव आजोबांवरून व्हिन्चेन्झो ठेवलेले होते. ८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओ वारला. घड्याळ त्या घरात पुरे झाले नाही. १६५६ साली हॉलंडच्या हायगेन्सने स्वतंत्रपणे ते करून दाखविले. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या त्या वेळच्या न्यायाधीशांची चूक मान्य केली.

त्याचे सारेच बरोबर होते असे नाही. पडण्याचे प्रमाण त्याने अचूक सांगितले, परंतु सुमारे ५८ मीटर उंचीवरून पडावयास पाच सेकंद लागतात हा त्याने दिलेला आकडा चुकीचा आहे. साडेतीन सेकंद पुरतात. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते असे केप्लर म्हणत होता, त्याला ह्याने पोरकट ठरविले. तेथे केप्लर खरा होता. उलट रिच्चोली नावाच्या एका जेझुइट पाद्र्याची गोष्ट पाहावी. पृथ्वी फिरते हे मत त्याला मान्य नव्हते. त्याने बोलोन्याच्या मनोऱ्यावरून गोळे सोडले, लंबकाने वेळ मोजली, आणि १, ३, ५, ७ हाच क्रम मिळाल्याचे १६५१ साली छापले. मत कोणाचेही असो, गोळा एकाच रीतीने पडतो.

पुढे १६८७ साली न्यूटनने हा धागा आकाशापर्यंत नेला. चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्या दूर आहे. तेथे पृथ्वीची ओढ ६० च्या वर्गाइतकी, म्हणजे ३६०० पट कमी होते. येथे दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र आपल्या सरळ वाटेपासून पृथ्वीकडे तितकेच पडतो, मात्र एका मिनिटात. म्हणून तो फिरत राहतो. दगड आणि चंद्र एकाच कायद्याची रयत आहेत, हे त्या दिवशी ठरले, आणि पोथीच्या जागी मोजमाप आले.

याचा आमच्या संसाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. गवंडी ओळंबा सोडून भिंत उभी करतो, नळाचे पाणी उंच टाकीतून वरच्या मजल्यावर येते, ते ह्याच ओढीवर. संक्रांतीला आपल्या शहरातील मुले गच्चीच्या कठड्यावर चढून पतंग उडवतात. तीन मीटरवरून पडणारा मुलगा जमिनीला लागताना ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगात असतो आणि त्याला पाऊण सेकंदाहून थोडाच अधिक वेळ मिळतो. उंची चौपट केली तर वेग दुप्पट होतो आणि आपटण्याचा जोर चौपट. गॅलिलिओचे हे गणित कठड्याची उंची ठरविणाराला ठाऊक असलेले बरे. खिशातला फोन आपल्याला रस्ता दाखवितो तो उपग्रहांवरील घड्याळांच्या आधाराने. गुरुत्वाकर्षण आणि वेग यांच्यामुळे ती घड्याळे आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला सेकंदाचे ३८ दशलक्षांश पुढे जातात. आइन्स्टाइनच्या गणिताने ही चूक काढली नाही, तर एका दिवसात वाट दहा किलोमीटरांहून अधिक चुकेल. २००२ साली सोडलेले दोन जुळे उपग्रह एकमेकांमधील अंतर सतत मोजीत पृथ्वीभोवती फिरत होते. खालची ओढ किंचित बदलली की ते अंतर बदले. त्यावरूनच पंजाब, हरियाणा आणि राजस्थान यांच्या जमिनीखालचे पाणी आटत चालल्याचे २००९ साली जगाला कळले. एक विहीर न उघडता कळले.

आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर, जेथे हवा नाही, अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचे पीस एकदम सोडले. दोन्ही एकदम खाली टेकली. लोहाराच्या हातोड्याची खोटी कथा व्हिन्चेन्झोंनी मोडली. हा हातोडा त्यांच्या मुलाची साक्ष देऊन गेला.

वडिलांची वही मी त्या रात्री पुन्हा उघडली. ती ओळ खोडावयास हात धजेना. वडील हयात असते तर काय म्हणाले असते, हा विचार बराच वेळ छळत होता. मग आठवले, की त्यांच्या सतारीच्या दांडीवर त्यांच्या उस्तादांनी एका पडद्यासाठी घातलेली खूण आहे, आणि पडदा त्या खुणेवर नाही. खुणेच्या किंचित वर आहे. वडिलांनी खूण पुसली नाही आणि पडदाही खाली आणला नाही.

मी ओळ तशीच ठेवली आणि समासात पेन्सिलीने चौपट असे लिहिले. यंदा नवा वर्ग बसला तेव्हा पहिल्या दिवशी तंबोरा काढण्याआधी त्या मुलीने ती फळी टेबलावर मांडली. मी वाण्याकडून चार किलोंची वजने आणून ठेवली होती.